जुनी लिव्हर रायफल : किती घासावं, किती राखावं?

प्रश्न : एका इस्टेट सेलमध्ये विंचेस्टर मॉडेल १८९४ कार्बाइन मिळाली. नळीवर ‘.३० डब्ल्यू.सी.एफ.’ (काडतुसाचं नाव) असा छाप आहे. मूळ निळी झाक जाऊन सगळं तपकिरी झालंय, मधेमधे लाल गंजाचे पट्टे आहेत. बफिंग व्हीलवर चकचकीत करून नवं ब्लूइंग करून घ्यावं असं वाटतं. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, ओहायो

उत्तर : बफिंग व्हीलचा विचार आधी डोक्यातून काढा. कापडी चाकाने नळीवरची अक्षरं पुसट होतात, रिसीव्हरच्या (यंत्र बसवलेल्या मधल्या पोलादी भागाच्या) धारदार कडा गोल होतात आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखे खोलगट भाग पडतात. गेलेला धातू परत येत नाही. मॉडेल १८९४ च्या ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या, त्यामुळे ती दुर्मीळ नाही. तिची किंमत ठरते ती मूळ पृष्ठभाग किती शिल्लक आहे यावर. एकसारखी तपकिरी झाक हे नुकसान नव्हे. ती स्थिर झालेली असते आणि जाणकार तिचे पैसे मोजतात. घालवायचा आहे तो फक्त लाल, भुकटी सुटणारा, जिवंत गंज.

हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे का ते बघा. लिव्हर चार-पाच वेळा मारली म्हणजे झालं असं समजू नका. मुख्य नळीखाली काडतुसं साठवणारी मॅगझिन नळी असते, ती गंजली की आतली स्प्रिंग अडकते आणि काडतूस पुढेच राहतं. लिव्हर उघडी ठेवून टॉर्चने आत बघा. स्प्रिंगच्या टोकाची टोपी रिसीव्हरपर्यंत आलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मॅगझिन नळी भरलेली आहे असंच धरून चाला.

मग तिचं साल काढा. नळीवर २१ ऑगस्ट १८९४ ही तारीख दिसली की बरेच जण तेच उत्पादनाचं साल समजतात. ती जॉन ब्राउनिंगच्या पेटंटची तारीख आहे आणि पुढे अनेक वर्षं तीच छापली जात होती. साल कळतं ते रिसीव्हरच्या खालच्या बाजूला पुढे कोरलेल्या क्रमांकावरून. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या फायरआर्म्स म्युझियमकडे विंचेस्टरच्या मूळ नोंदवह्या आहेत. मॉडेल १८९४ साठी त्या १ ते ३,५३,९९९ क्रमांकांच्या आहेत आणि शुल्क भरलं की तुमच्या रायफलीच्या नोंदीचं पत्र मिळतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ धरतात, म्हणून हे पत्र संग्राहकापुरतं मर्यादित राहत नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, तेही बघावेत.

आता गंज. पातळ तेल सढळ हाताने लावून दोन दिवस तसंच राहू द्या. मग तेलातच बुडवलेल्या ब्राँझ वूलने नळीच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने घासा. तेल तपकिरी झालं की पुसा, नवं लावा, पुन्हा घासा. जाड खपली असेल तिथे १९८२ पूर्वीचं एक सेंटचं नाणं तेल लावून कडेने फिरवा. त्यात ९५ टक्के तांबं असतं. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे खपली निघते आणि खालच्या पोलादावर ओरखडा उठत नाही. व्हिनेगर, फॉस्फरिक आम्लाची जेली किंवा गंज विरघळवणारी द्रावणं वापरू नका. ब्लूइंग हासुद्धा लोहाचा ऑक्साइडच आहे, त्यामुळे गंजाबरोबर तेही जातं आणि धातू करडा, उघडा पडतो.

प्रश्न : त्याच मॉडेलची रायफल उघडायला घेतली. दस्ता निघाला, पण एक स्क्रू हलतच नाही आणि लिव्हरची पिन कुठून काढायची ते कळत नाही. – एक वाचक, टेक्सस

उत्तर : आधी स्क्रूचं बघू. साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. ते खाचेत फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर दिला की वर सरकतं आणि खाच फाटते. जुन्या विंचेस्टरच्या खाचा अरुंद असतात. गनस्मिथ वापरतात ते समांतर पात्याचे पेचकस घ्या. पातं खाचेत तळापर्यंत बसलं पाहिजे आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकीच हवी. बसत नसेल तर पातं घासा, खाच नाही. ठिकठिकाणी वाकडेतिकडे ओरखडे असलेले स्क्रू बघून खरेदीदार लगेच ओळखतो की ही रायफल कोणीतरी घाईने उघडली होती.

अडकलेल्या स्क्रूवर क्रॉइलसारखं झिरपणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. मग पातं खाचेत धरून वरून लहान हातोडीने टकटक करा, त्या कंपनांनी आट्यांतला गंज तुटतो. तरीही हलला नाही तर सपाट टोकाचं मोठं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा. मात्र आधी तेल पुसून घ्या आणि जवळ कुठलंही ज्वलनशील द्रव नको. स्क्रू तापून फुगतो, निवताना आकसतो आणि पकड सुटते. गॅसची ज्योत लावू नका, रिसीव्हरचा रंग जाईल. प्रथम घट्ट करण्याच्या दिशेने किंचित फिरवून मग उलटं फिरवलं, तर बहुतेक वेळा सुटतो. तो स्क्रू हरवू नका. विंचेस्टरचे आटे तिच्या स्वतःच्या मापाचे होते, आज दुकानात मिळणारा स्क्रू त्या भोकात जबरदस्तीने घातला तर रिसीव्हरचे आटे जातात. जाड पुठ्ठ्यावर रायफलीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवावा. दिसायला सारखे असले तरी त्यांची लांबी वेगळी असते.

लिव्हरची पिन रिसीव्हरच्या डाव्या बाजूच्या एका लहान स्क्रूमागे लपलेली असते. तो स्क्रू काढा आणि उजवीकडच्या बारीक छिद्रातून पितळी पंचने पिन डावीकडे ढकला. छिद्र आणि पिन एका रेषेत येईपर्यंत लिव्हर थोडी खालीवर करावी लागते. रेषेत आली की पिन बोटाच्या जोरानेही सरकते. हातोडीची गरज वाटली तर थांबा, काहीतरी रेषेत नाही. नळी मात्र रिसीव्हरमधून फिरवून काढायच्या फंदात पडू नका. स्वच्छतेसाठी त्याची गरज नसते.

प्रश्न : गंज ‘उकळून’ काळा करतात असं ऐकलं. हे नक्की काय आहे? आणि ब्लूइंग निघून गेलेल्या जागी कोल्ड ब्लू (न तापवता लावायचं निळं रसायन) लावलं तर? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लाल गंज उकळत्या पाण्यात राहिला की त्याचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं, आणि जुनं रस्ट ब्लूइंग म्हणजे मुळात हेच. म्हणून ही रीत शिल्लक मूळ ब्लूइंगला धक्का लावत नाही. लाल गंज पसरलेला असेल तर तेल घासण्याऐवजी हीच करावी.

दस्ता, पुढचं लाकूड, स्प्रिंगा, सगळे सुटे भाग काढा. पोलादी भाग ॲसिटोनने पूर्ण निर्तेल करा. तेलाचा अंश राहिला तर तो पाण्यावर तरंगतो आणि भाग बाहेर काढताना त्याचे डाग बसतात. कार्बाइनची नळी २० इंचांची, त्यात रिसीव्हर धरून भांडं साधारण ३६ इंच लांब हवं. स्टेनलेसचं किंवा साध्या लोखंडाचं चालेल, जस्ताचा मुलामा असलेलं नको. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके उठतात. २० ते ३० मिनिटं खळखळून उकळा. गरम असतानाच बाहेर काढा, पाणी आपोआप सुकतं. पृष्ठभागावर काळी मखमली पूड दिसेल. ती ॲसिटोनमध्ये धुऊन निर्तेल केलेल्या ०००० नंबरच्या स्टील वूलने अलगद झाडून काढा. नवं स्टील वूल पाकिटातून तेल लागूनच येतं, हे विसरलं की पुढच्या उकळीत सगळं ठिपकेदार होतं. अजून लाल कडा दिसत असतील तर पुन्हा उकळा. शेवटी तेलात एक दिवस मुरू द्या.

कोल्ड ब्लूची शिफारस करत नाही. त्याचा थर अगदी पातळ असतो, हाताळण्याने झिजतो आणि रंग मूळ निळ्याशी जुळत नाही. विकताना हा ठिगळ लपवल्यासारखा दिसतो आणि मग बाकीच्या खऱ्या पृष्ठभागावरही संशय घेतला जातो. एखाद्या बदललेल्या स्क्रूच्या डोक्यापुरतं ठीक. आणि तुमची रायफल १९६४ नंतरची असेल तर तिच्या रिसीव्हरचा धातू वेगळा असू शकतो, नेहमीच्या गरम ब्लूइंगने तसा धातू जांभळट होतो. ते काम या धातूची सवय असलेल्या कारागिराकडेच द्या.

प्रश्न : दस्त्याला टँगच्या (रिसीव्हरच्या दस्त्यात शिरणाऱ्या पोलादी पट्टीच्या) मागे चीर गेली आहे आणि तिथलं लाकूड तेलाने काळं पडलंय. सँडपेपर मारून नवं पॉलिश करू का? – एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : सँडपेपर नको. कारखान्यातून बाहेर पडताना लाकूड धातूच्या किंचित वर असे. ते घासून धातूच्या खाली नेलं की कोणीही बोट फिरवून सांगेल.

चीर का गेली ते आधी समजून घ्या, नाहीतर जोड पुन्हा उघडेल. वर्षानुवर्षं रायफल दस्ता खाली करून उभी ठेवली जाते, यंत्रातलं तेल ओघळून लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ होतं. टँगचा स्क्रू सैल पडतो. मग गोळी झाडली की टँगचं मागचं गोल टोक लाकडाला पाचरीसारखं फाडतं.

तेल ओढून काढायला बारीक खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून दह्याइतकी दाट करा आणि दस्त्याच्या फक्त आतल्या, पॉलिश नसलेल्या भागावर थापा. बाहेरच्या बाजूला लागली तर मूळ पॉलिश विरघळेल. वाळली की पूड पिवळी-तपकिरी दिसते. झटकून पुन्हा थापा, पूड पांढरीच राहीपर्यंत. चार-पाच वेळा सहज लागतात. हे खुल्या हवेत, आगीपासून लांब करा. मग चीर बारीक पाचरीने केसभर उघडून पातळ इपॉक्सी आत उतरवा, उष्णतेने जरा गरम केलं तर ते खोलवर जातं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून २४ तास ठेवा. टँगवर मेण लावायला विसरू नका, नाहीतर रायफल दस्त्यालाच चिकटेल. शेवटी टँगच्या गोल टोकामागे अर्धा मिलिमीटर लाकूड कोरून मोकळं करा. एवढी फट नसेल तर चीर परत येणारच.

पोचे आले असतील तर ओलं कापड ठेवून इस्त्रीचं टोक टेकवा, वाफेने दबलेले तंतू उठतात. तुटलेले तंतू मात्र उठत नाहीत. वरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि १५ मिनिटांनी पुसून काढावा. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटते. अंगणात पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

प्रश्न : मॉडेल १८७३, .४४-४०, आतून ठीक दिसते. आजची काडतुसं चालतील का? काडतूस वर उचलणारा पितळी कॅरिअर काळा पडलाय, तो चमकवू का? – एक वाचक, ॲरिझोना

उत्तर : मॉडेल १८७३ काळ्या बारुदासाठी बनलं. तिचं कुलूप, म्हणजे झाडताना नळी मागून बंद ठेवणारा भाग, दोन बाजूंच्या सांधेदार दुव्यांची जोडी आहे. मॉडेल १८९२ मध्ये दोन उभे पोलादी बोल्ट रिसीव्हरमध्ये सरकतात, तशी ताकद हिच्यात नाही. विंचेस्टरने पूर्वी ‘डब्ल्यू.एच.व्ही.’ नावाची जास्त वेगाची .४४-४० काडतुसं काढली होती, ती १८९२ ला चालत, १८७३ ला नाहीत. काडतूस तेच, नळी तीच, म्हणून बसतं. धोका तिथेच आहे. जुन्या पेटीतलं काडतूस कधीच वापरू नका.

झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक) मोजून घ्या, दुव्यांच्या पिनांचा खुळखुळाट तपासून घ्या आणि नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून खाचांचं माप घ्या. .४४-४० च्या नळ्यांमध्ये ०.४२७ ते ०.४३१ इंचांपर्यंत फरक सापडतो. रिकाम्या रायफलीचा घोडा अर्ध्यावर ठेवून चाप जोरात दाबा. घोडा पडला तर त्याला अडवणारी खाच झिजली आहे, रायफल भिंतीवरच बरी. सगळं नीट निघालं तर काळी बारूद किंवा तेवढ्याच दाबाची शिशाची काडतुसं. झाडल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा. या रायफली नळीच्या तोंडाकडूनच साफ कराव्या लागतात, म्हणून सळईला तोंडाशी पितळी गाइड लावा. सळई घासून तोंडाची कडा झिजली की नेम बिघडतो.

कॅरिअर साबणाच्या पाण्याने धुऊन मेण लावा, बस्स. अमोनिया असलेलं पॉलिश तर अजिबात नको, ताणाखालच्या पितळेला त्याने तडे जातात.

प्रश्न : अमेरिकेतली १८९६ ची रायफल नाशिकच्या घरी शोभेसाठी नेता येईल का? – एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : अमेरिकेतली ‘अँटिक’ ही सवलत भारतात लागू नाही. भारतीय शस्त्र कायदा १९५९ चं कलम ४५ जुन्या शस्त्रांना सूट देतं, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेतलं हवं. ज्या रायफलीचं कुलूप नीट चालतं, ती या सुटीत बसत नाही. परवाना आणि आयात परवानगी हातात असल्याशिवाय ती विमानात चढवू नका. आणि सूट मिळावी म्हणून १८९६ च्या नळीला भोक पाडायचा विचार असेल, तर त्यापेक्षा ती कॅलिफोर्नियातल्या एखाद्या जाणकार संग्राहकाला विका.