तुमचा प्रश्न: कार्ड २ जीबीचं, तरी फोटोशॉप घेईना

प्रश्न: नमस्कार दादा, मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलची जॅकार्ड (म्हणजे मागावर विणून काढायच्या नक्षीची) डिझाइन करतो. नवीन फोटोशॉप टाकलं तेव्हापासून 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' हा पर्याय करडा पडलाय, टिकच होईना. कितीही झूम केलं तरी पिक्सेलची जाळी दिसत नाही, कॅनव्हास फिरत नाही. मशीन आय५-८४००, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड जीटी ७१० दोन जीबीचं. ज्याच्याकडनं कार्ड घेतलं तो म्हणतो डायरेक्टएक्स १२ दिसतंय म्हणजे कार्ड ओके, विंडोज परत मारा. दोनदा मारली, काही फरक नाही, इकडं ऑर्डर अडकायलीय.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, आता विंडोज परत मारू नका, तिचा काही दोष नाही. जॅकार्डमध्ये एक पिक्सेल म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट, त्यामुळे ती जाळी दिसत नसेल तर तुम्ही जवळजवळ डोळे बांधूनच काम करताय, तुमची घाई मला कळते.

घोळ त्या '१२' मध्ये आहे. विंडोज आणि आर दाबा, डी एक्स डी आय ए जी ही अक्षरं टाका. पहिल्या पानावर डायरेक्टएक्स (विंडोजमधली ग्राफिक्स चालवायची सोय) १२ दिसेल पण तो आकडा विंडोजचा आहे, कार्डाचा नाही! डिस्प्लेच्या पानावर जा, 'फीचर लेव्हल्स' ची, म्हणजे कार्डाला कुठवर जमतं त्याची ओळ बघा, तिथला सगळ्यात मोठा आकडा ११_० असणार. जीटी ७१० तिथंच थांबतं आणि आताच्या फोटोशॉपला किमान १२_० लागतं. मेमरी त्याला दीड जीबी पुरते, म्हणजे तुमचे २ जीबी कमी नाहीत, कार्डाची पिढीच जुनी आहे, २०२४ नंतर तर त्याला सुरक्षेचे अपडेटसुद्धा बंद झालेत.

आता बिनखर्चाचा उपाय, आधी करून बघा; पण चालेलच असं नाही, इंटेलचं इतकं जुनं ग्राफिक्स अगदी नवं फोटोशॉप नाकारू शकतं. तुमच्या प्रोसेसरमध्येच यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे आणि ते १२_१ पर्यंत जातं, म्हणजे वेगळं घेतलेल्या कार्डापेक्षा आतलंच पुढचं निघालं. मशीन बंद करा, प्लग काढा, कार्ड काढून ठेवा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, इंटेलचा ड्रायव्हर टाका आणि मग एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्समध्ये टिक करून फोटोशॉप बंद करून परत उघडा. टिक झाली तर ५०० टक्क्यांच्या वर झूम केलं की जाळी दिसायला पाहिजे. हे ग्राफिक्स रॅममधलीच जागा खातं, म्हणून अजून ८ जीबी टाकाच. आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरचा फॅन बघा, मागाशेजारच्या खोलीत सुताचे तंतू पात्यांना गुंडाळून बसतात आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये मशीन तापून हळू पडतं, ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा.

कार्ड घ्यायचंच झालं तर जीटी ७३० नको, ते पण जुन्याच पिढीचं, जीटी १०३० पण नको, ते ज्यातलं आहे ती १० सिरीज २०२५ मध्ये एनव्हिडियानं फक्त सुरक्षेच्या अपडेटवर ठेवलीय. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. तुमचं कॅबिनेट सडपातळ असेल तर घेण्याआधी आतली उंची मोजून घ्या.

प्रश्न: आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला आणि डिझाइनची स्क्रीन काळी पडायलीय. सोलापूरच्या गड्डा यात्रेचे बॅनर तोंडावर आहेत.

उत्तर: डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, तिथं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बॅनर छापून होईपर्यंत दुसरं काहीच अपडेट करू नका.