दमट, उष्ण हवेत १५० चौरस फुटांच्या खोलीसाठी १ टन एसी पुरेल की १.५ टन घ्यावा?

१ टन पुरेल; वर तापणारी गच्ची नसेल तर १.५ टनाच्या मागे लागू नका. दमट हवेत एसीला खोली गार करण्याबरोबर हवेतलं बाष्पही काढावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. हवा थंड कॉइलवरून बराच वेळ फिरली तरच बाष्पाचं पाणी होऊन ड्रेन पाइपातून बाहेर पडतं. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटक्यात २४ अंशांवर आणतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र चालूच राहतो, त्यामुळे कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. रिमोटवर २४ दिसतं, चादर मात्र ओलसर लागते. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. नेहमीच्या उंचीच्या, दारं बंद राहणाऱ्या एवढ्या खोलीला ती सहसा पुरते.

पश्चिमेकडे मोठी काच, वर गच्ची किंवा खोलीत कायम चार-पाच माणसं असतील, तर हिशोब बदलतो. तेव्हा १.५ टन घ्या, पण इन्व्हर्टर एसीच: तो भार कमी झाला की बंद न पडता हळू चालत राहतो. नुसत्या काचेचाच त्रास असेल तर आधी जाड पडदा लावून पाहा.