पहिले विमान साधेच घ्यावे
अंगणात रिमोटने उडवण्यासाठी पहिले खेळण्यातले विमान निवडताना युद्धविमानांच्या देखण्या प्रतिकृतींचा मोह आवरावा (मला तो आवरला नव्हता) आणि १०० ग्रॅमच्या आतले, तीन चॅनलचे (म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी नियंत्रित करता येणारे), फोमचे असे विमान घ्यावे, ज्याचे पंख धडाच्या वर बसवलेले व टोकांकडे किंचित उचललेले असतात. ते हळू उडते आणि रिमोटवरची स्टिक (दांडी) सोडल्यास बहुधा स्वतःच सावरते.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या असतात:
- वाऱ्यात उडवणे. पहाटेची निवांत हवा उत्तम.
- विमान आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटते हे विसरणे. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला स्टिक न्यावी.
- लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण संपेपर्यंत उडवणे.

सुटे पंखे (प्रॉपेलर) मात्र आधीच घेऊन ठेवावेत.