४९ आणि ५० : सादृश्य कसलं?

प्रश्न असा आला आहे : ‘न्यूमेरिक सिमिलॅरिटी सर्च’ला, म्हणजे दिलेल्या आकड्यांच्या जवळचे आकडे असलेल्या नोंदी शोधण्याला, मराठीत ‘संख्यात्मक सादृश्य शोध’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण मला त्यातलं ‘सादृश्य’ खटकतं. ‘सदृश’मध्ये ‘दृश्’ धातू बसलाय. सदृश म्हणजे दिसायला सारखं. आकड्यांच्या दिसण्यावर जाऊन कसं चालेल? ५० आणि ५०० दिसायला सख्खे भाऊ. ४९ आणि ५० यांच्यात एकही अंक सामाईक नाही, तरी भिंतीला भिंत लागून. (आपल्या ‘एकोणपन्नास’ने हे नावातच सांगून टाकलंय, एक ऊन पन्नास.) खरा सादृश्याचा शोध म्हणजे नेहमीचा शब्दशोध. ४९ टाकलं की तो ४९ लिहिलेली पानं काढतो, मग तो घराचा नंबर असो की कुणाचं वजन.

मापांच्या शोधात अंतर मोजतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९३६च्या लेखामुळे गाजलेली आयरिस या फुलझाडाच्या १५० फुलांची मापं घ्या. दर फुलामागे चार आकडे, निदलाची (पाकळ्यांबाहेरच्या दलाची) लांबी-रुंदी आणि पाकळीची लांबी-रुंदी, सगळे सेंटिमीटरमध्ये. सेटोसा आणि व्हर्सिकलर या आयरिसच्या दोन जाती. एक सेटोसा ५.१, ३.५, १.४, ०.२. दुसरं सेटोसा ४.९, ३.०, १.४, ०.२. एक व्हर्सिकलर ७.०, ३.२, ४.७, १.४. आकड्यातून आकडा वजा करा, वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. पहिल्या फुलापासून दुसरं सेटोसा ०.५४वर, व्हर्सिकलर पार ४वर. नाव ठाऊक नसलेल्या फुलाचे भाऊबंद नुसत्या पट्टीने सापडतात!

मात्र कोणता आकडा कशाचा आणि कुठल्या एककात, हे सोबत नोंदलेलं हवं. शिवाय रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन १२ आणि प्लेटलेट दोन लाख असतात. तसंच अंतर काढलं तर प्लेटलेटपुढे हिमोग्लोबिनचं काही चालत नाही. आधी दोन्ही एका पट्टीवर आणावे लागतात.

तेव्हा शब्द अंतरावरून घडवावा. ‘जवळीक’ छान आहे, पण ती माणसांत वाढते, प्लेटलेटमध्ये नाही. लेखात मी ‘संख्यात्मक निकटशोध’ लिहीन, बोलताना ‘मापांवरून शोध’ म्हणेन. आणि बटणावर छापायचं असेल तर या दोन्हींपेक्षा ‘याच्या आसपासचे दाखवा’.