घरासाठी डॅनिश फर्निचर : कोणता ब्रँड निवडावा?

प्रश्न : आम्ही दोघे आणि आमची दोन लहान मुले कोपनहेगनमध्ये भाड्याच्या घरातून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जात आहोत. जेवणाचे टेबल, सहा खुर्च्या, सोफा आणि पुस्तकांसाठी शेल्फ घ्यायचे आहे. दुकानांमध्ये ‘हे’, ‘मूटो’, ‘कार्ल हॅन्सन’, ‘बोलिया’ असे अनेक ब्रँड पाहिले. वस्तू दिसायला बऱ्याचशा सारख्या असल्या तरी किमतींत मात्र काही पटींचा फरक आहे. सगळे फर्निचर एकाच ब्रँडचे घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणत्या?
– एक वाचक, कोपनहेगन

उत्तर : सगळे फर्निचर एकाच ब्रँडचे घेण्याचे काहीही कारण नाही. ‘डॅनिश डिझाइन’ या एका पाटीखाली आज निरनिराळ्या पद्धतींचे व्यवसाय चालतात, आणि आपल्याला दिसलेला किमतींतला फरक बराचसा त्यातूनच आलेला आहे. फ्रिट्झ हॅन्सन (१८७२), कार्ल हॅन्सन अँड सन (१९०८) आणि फ्रेडेरिशिया (१९११) ही जुनी घराणी. आर्ने याकोबसेन, हान्स वेग्नर, बोर्ये मोगेन्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर आखलेल्या खुर्च्या ही त्यांची खरी पुंजी आहे. ‘हे’ (२००२), ‘मूटो’ (२००६) आणि ‘अँड ट्रॅडिशन’ (२०१०) ही त्यानंतरची पिढी असून, हे ब्रँड मुख्यतः डिझाइनरांकडून वस्तू आखून घेतात आणि त्या ठिकठिकाणच्या कारखान्यांकडून बनवून घेतात. बोकॉन्सेप्ट आणि बोलिया या साखळी दुकानांचा भर मात्र एकच सोफा हव्या त्या मापात, कापडात आणि पायांत बनवून देण्यावर असतो. जाता जाता सांगायचे तर, एकमेकांचे स्पर्धक वाटणारे ‘हे’ आणि ‘मूटो’ आज एकाच अमेरिकी समूहाचे, २०२१ मध्ये आकाराला आलेल्या मिलरनॉलचे, भाग आहेत. त्यामुळे यांतला ‘अधिक डॅनिश’ कोणता, या वादात पडण्यात अर्थ नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते खुर्च्यांवर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घरात सर्वाधिक ओढाताण खुर्चीच्याच वाट्याला येते. वेग्नरची ‘वाय’ खुर्ची कार्ल हॅन्सनकडे १९५० पासून बनते. तिच्या घडणीत शंभराहून अधिक टप्पे असतात, आणि बैठकीसाठी सुमारे १२० मीटर पीळदार कागदी दोरी हाताने विणली जाते. ही दोरी वर्षानुवर्षे टिकते आणि झिजली तर सांगाडा तसाच ठेवून बैठक नव्याने विणून घेता येते. खुर्चीची किंमत जास्त का, याचे बरेचसे उत्तर या दुरुस्तीच्या सोयीत आहे. तथापि लहान मुलांच्या घरात एक अडचण येते : दोरी द्रव शोषून घेते. दूध किंवा सरबत सांडल्यास घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने ते लगेच टिपावे लागते. थोडा वेळ गेला तरी डाग आत उतरतो. मोगेन्सनची ‘जे ३९’ (१९४७) ही खुर्ची फ्रेडेरिशियाकडे मिळते; तिला हात नसल्यामुळे ती टेबलाखाली सहज सरकते, पण तिची बैठकही दोरीचीच असते.

म्हणूनच मुले मोठी होईपर्यंत मी एफडीबी मोबलरच्या ‘जे ४६’ खुर्चीची शिफारस करीन. पोल वोल्थर यांनी १९५६ मध्ये आखलेली ही खुर्ची संपूर्ण लाकडी असून पुसायला सोपी आहे. एफडीबी म्हणजे डेन्मार्कमधल्या ग्राहक सहकारी संस्थांचा संघ. सामान्य कुटुंबाला परवडेल असे चांगले फर्निचर बनवावे, या हेतूने त्याने १९४२ मध्ये मोगेन्सनकडे आपल्या डिझाइन विभागाची सूत्रे दिली होती, आणि हा ब्रँड २०१३ मध्ये पुन्हा बाजारात आला. प्लास्टिकच्या कवचाच्या खुर्च्या चालणार असतील तर ‘हे’ची ‘अबाउट अ चेअर’ किंवा लाकडाचे तंतू मिसळलेल्या मिश्रणापासून बनलेली ‘मूटो’ची ‘फायबर’ याही उत्तम आहेत. मात्र असे कवच तडकले तर ते जोडता येत नाही, बदलावेच लागते.

टेबल घेताना ब्रँडपेक्षा लाकडावरचे फिनिश विचारावे. साबणाचे फिनिश दिलेला ओक फिकट आणि अतिशय देखणा दिसतो, पण त्यावर तेलकट डाग चटकन बसतात. ते हलक्या हाताने पॉलिश पेपरने घासून आणि पुन्हा साबणाचे पाणी लावून घरच्या घरी काढता येतात. लॅकरवर, म्हणजे लाकडावरच्या कडक पारदर्शक लेपावर, डाग सहसा बसत नाहीत, पण खोल ओरखडा पडला की केवळ तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. देखभालीचा कंटाळा असेल तर लॅकर घ्यावे. खुर्चीला हात असतील तर ते टेबलाखाली जातात की नाही, हे दुकानातच मोजून पाहावे.

सोफ्यासाठी बोलिया किंवा बोकॉन्सेप्टकडे जाण्यास हरकत नाही. कव्हर काढून धुता येते का आणि पुढे सुटे कव्हर मिळेल का, हे लेखी विचारावे. कापडाच्या घर्षणचाचणीचा, म्हणजे मार्टिंडेलचा, आकडा रोजच्या वापरासाठी २५ ते ३० हजारांच्या आसपास असला तरी पुरतो. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते, पण खास आपल्या निवडीप्रमाणे बनवलेल्या वस्तूला ही सवलत लागू होईलच असे नाही. दुकानातून घेतलेल्या वस्तूतील मूळ दोषाबद्दल मात्र दोन वर्षे तक्रार करता येते.

शेल्फसाठी मोंटानाची सुटी खणे पाहावीत. १९८२ पासून फ्युन बेटावर बनणारी ही खणे घर बदलल्यावर वेगळ्या रीतीने रचता येतात.

प्रश्न : ‘वेग्नरच्या शैलीतली’ खुर्ची एका परदेशी संकेतस्थळावर मूळ किमतीच्या चौथ्या हिश्शात मिळते आहे. घ्यावी का?
– एक वाचक, ऑर्हुस

उत्तर : घेऊ नये. उपयोजित कलेच्या, म्हणजे वापरायच्या वस्तूंमधल्या कलेच्या, कृतीला डॅनिश कायद्यानुसार कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे नक्कलीपासून संरक्षण मिळते. वेग्नर २००७ मध्ये निवर्तले, म्हणजे हे संरक्षण २०७७ च्या अखेरपर्यंत आहे; विक्रेत्याने डेन्मार्ककडे पाठवलेला असा माल सीमाशुल्क विभाग अडवू शकतो. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत जुनी, अस्सल खुर्ची शोधावी. ‘डीबीए’सारख्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा खुर्च्या सतत येत असतात. विक्रेत्याकडून बैठकीच्या खालच्या बाजूचा फोटो आधी मागवावा : तिथे उत्पादकाचा शिक्का किंवा चिठ्ठी आहे का, दोरी कुठे तुटली आहे का आणि पायांचे सांधे सैल झाले आहेत का, हे त्यातच कळते. दोरी तुटलेली असेल तर विणकामाचा खर्च विचारून भाव कमी करून घ्यावा. सांधे हलत असतील तर खुर्ची सोडून द्यावी.