रेसिप्रॉसिटीच्या बिलाची वाट बघू नका, आणि त्या प्ली फॉर्मवर सही तर अजिबात नको

प्रश्न थोडक्यात असा. "पेनसिल्वेनियात राहतो, ग्रीनकार्ड मिळून ११ वर्षं झाली. शेरिफकडून रीतसर काढलेलं कॅरी लायसन्स, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगून फिरण्याचा परवाना, आहे. शेजारच्या न्यू जर्सीत, एडिसनला ओक ट्री रोडवर किराणा आणायला गेलो होतो, गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने थांबवलं. मी स्वतःहूनच सांगितलं की ग्लोव्ह बॉक्समध्ये भरलेलं पिस्तूल आहे, लायसन्सही दाखवलं, तरी अटक. आठ महिने तारखा चालू आहेत. आता प्रॉसिक्युटर (सरकारी वकील) म्हणतो गुन्हा कबूल करून प्ली फॉर्मवर सही करा, जेल नाही, फक्त प्रोबेशन (देखरेखीखाली बाहेर राहणं). बायको म्हणते घेऊन टाक, मित्र म्हणतात थांब, एका राज्याचं लायसन्स सगळीकडे चालेल असं रेसिप्रॉसिटीचं बिल येतंय, मग केस आपोआप पडेल. काय करू?"

असे मेसेज मला कायम येतात, फक्त राज्य बदलतं, कुणी न्यूयॉर्कला अडकतो कुणी मेरीलँडला. तुमचं लायसन्स डेलावेअर नदीच्या अलीकडे, म्हणजे न्यू जर्सीत, चालत नाही हे आता तुम्हाला कळलंच आहे, त्यावर लिहीत बसत नाही.

आधी बिलाचं बघू, कारण त्याच्या भरवशावर लोक महिनोन् महिने काढतात. हे बिल नवीन नाही हो. अमेरिकन काँग्रेसच्या हाऊसने २०११ मध्ये ते २७२ विरुद्ध १५४ ने पास केलं, २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ ने परत पास केलं, आणि दोन्ही वेळा पुढे काहीच झालं नाही. सिनेटमध्ये २००९ ला याच धर्तीच्या दुरुस्तीला ५८ मतं पडली, २०१३ ला ५७, आणि लागतात ६०. आताचं बिल मार्च २०२५ मध्ये हाऊसच्या ज्युडिशियरी कमिटीतून पुढे सरकलं, पण घोडं अडतं ते सिनेटमध्ये, आणि तिथलं गणित बदललेलं नाही. समजा उद्या कायदा झालाच, तरी तुमची केस त्या संध्याकाळची आहे, त्या दिवशी जो कायदा होता त्यावर ती चालणार. नवा कायदा मागच्या तारखेपासून लागू होईल असं धरून चालायला मला कुठलाही आधार दिसत नाही.

१९८६ च्या केंद्रीय कायद्यातलं, बंदूक घेऊन दुसऱ्या राज्यातून जाऊ देणारं 'सेफ पॅसेज'चं कलम आहे ना, असंही तुम्ही खाली विचारलंय. त्यात बंदूक रिकामी पाहिजे, बंदूक आणि गोळ्या सीटवरून हाताला लागता कामा नयेत, गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी पाहिजे आणि ग्लोव्ह बॉक्स चालत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिवाय जिथून निघालात आणि जिथे चाललात त्या दोन्ही ठिकाणी ती जवळ बाळगणं कायदेशीर पाहिजे. तुम्ही एडिसनलाच चालला होता. विषय संपला. लायसन्स काढताना ज्या माणसाने एवढे फॉर्म भरले त्याने नदी ओलांडण्याआधी दहा मिनिटं हे वाचायला हवं होतं, याचा मला खरंच राग येतो.

आता ज्यावर सगळं ठरणार आहे ते. तुमची खरी केस न्यू जर्सीच्या कोर्टात नाहीच, ती इमिग्रेशन कायद्याच्या कलम २३७(ए)(२)(सी) मध्ये आहे. अमेरिकेत दाखल झाल्यानंतर केव्हाही, कुठल्याही कायद्याखाली, बंदूक विकत घेणं, विकणं, वापरणं, बाळगणं, जवळ ठेवणं याबद्दल कन्व्हिक्शन (दोषी ठरणं) झालं की नागरिक नसलेला माणूस डिपोर्टेबल, म्हणजे देशाबाहेर काढण्याजोगा. शिक्षा किती झाली ते बघत नाहीत, जेल झाली का ते बघत नाहीत, ग्रीनकार्ड किती जुनं तेही नाही. आणि कन्व्हिक्शन म्हणजे काय ते इमिग्रेशन कायदा स्वतः ठरवतो: तुम्ही गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काहीही बंधन घातलं, दंड असो, प्रोबेशन असो, झालं कन्व्हिक्शन. मग राज्याच्या कोर्टाने पुढे केस काढून टाकली तरी इमिग्रेशनच्या वहीत ते तसंच राहतं. म्हणजे बायकोला जी सुटका वाटतेय ती प्रोबेशनची ऑफर तुमच्यासाठी सगळ्यात धोक्याची आहे.

प्ली फॉर्म हातात असेल तर १७ वा प्रश्न बघा. तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, असा तो प्रश्न आहे. त्यावर टिक करून लोक पुढच्या पानावर जातात, तसे जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की क्रिमिनल वकिलाने विचारलं नाही म्हणून ग्रीनकार्डचं सांगितलं नाही. आठ महिने! सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला निकालापासून अशिलाला डिपोर्टेशनचा धोका सांगणं वकिलावर बंधनकारक आहे, तेव्हा चूक त्याचीही आहे, पण सामान तुमचं बांधलं जाईल, त्याचं नाही.

मग मागायचं काय? २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई तुमच्यासारखीच पकडली गेली, तिनेही पोलिसाला स्वतःहून सांगितलं होतं. किमान साडेतीन वर्षांची जेल डोक्यावर होती. खूप गाजलं, तिला पीटीआय म्हणजे प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन (खटल्याऐवजी देखरेखीचा काळ, तो नीट पार पडला की केस रद्द) मिळालं, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली. त्याच काळात, सप्टेंबर २०१४ मध्ये, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी प्रॉसिक्युटरांना लेखी सूचना दिली की स्वतःच्या राज्यात कायदेशीर लायसन्स असलेला बाहेरचा माणूस असा सापडला तर जेलऐवजी पीटीआयचा विचार करा. तो कागद तुमच्या वकिलाने पत्राला जोडून दिला पाहिजे. पण त्यातही एक खड्डा आहे. तुमच्यावर आहे तशा सेकंड डिग्रीच्या (वरच्या, गंभीर वर्गातल्या) आरोपात पीटीआय देताना न्यू जर्सी आधी गुन्हा कबूल करायला लावते, आणि तसं पीटीआय म्हणजे तेच कन्व्हिक्शन जे वर सांगितलं. म्हणून आधी आरोप खाली आणायचा आणि मग कबुलीशिवायचं पीटीआय मागायचं, किंवा ज्या कलमात शस्त्राचा संबंधच नाही अशा कलमावर बोलणी करायची. तुमच्या काउंटीत यातलं काय मान्य होईल ते कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. दिव्यासाठी थांबवणं आणि पुढची झडती यात काही पळवाट निघते का, तेही बघण्यासारखं आहे, पण बोललात तुम्ही स्वतः, तेव्हा फार आशा लावत नाही.

कन्व्हिक्शन झालंच तर इमिग्रेशन जजसमोर कॅन्सलेशन, म्हणजे डिपोर्टेशन रद्द करणं, मागता येतं, ११ वर्षं तिथे कामी येतील. मात्र ते जजच्या मर्जीवर आहे, आणि त्या कोर्टांपुढे तीस लाखांच्या वर केसेस साचल्याचं २०२४ पर्यंतच दिसलंय. तेवढी वर्षं मुलांची शाळा, घराचं लोन, नोकरी सगळं टांगणीला.

सिटिझनशिपचा अर्ज तुम्ही साधारणपणे पाच वर्षांनंतरच करू शकत होता. सहा वर्षं फॉर्म पडून राहिला. नागरिक असता तर हा लेख एवढा लांबला नसता. आता घाबरून घाईने तो भरायला जाऊ नका, त्यात अटकेचा प्रश्न आहे आणि केस उघडी आहे.

जाता जाता एच-वन-बी आणि स्टुडंट व्हिसावाल्यांना: तुमच्यासाठी हा वाद नाहीच. केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. मित्राची जरा हातात घेऊन फोटो काढू, हेही नको.

आता तुम्ही सोमवारी सकाळी वकिलाला फोन करून दोनच गोष्टी सांगा: मी ग्रीनकार्डवर आहे, आणि इमिग्रेशनच्या वकिलाने फाइल बघेपर्यंत मी कशावरही सही करणार नाही. तारीख पुढे मागून घ्या, कारण हेच लेखी द्या. आईच्या सत्तरीसाठी डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढू का असं शेवटी विचारलंय. केस उघडी असताना परत येताना एअरपोर्टवर काय होईल याची हमी कुणी देणार नाही. थांबा, आईला फोनवर समजावा.