माण-खटावच्या डोंगरावर लावलेली झाडं उन्हाळ्यात का मरतात?

तुम्ही विचारलंय: दहिवडीजवळच्या मुरमाड डोंगरावर दर जूनमध्ये रोपं लावतो, मार्चपर्यंत निम्मीही राहत नाहीत, काय चुकतं?

मेलेलं एक रोप उपटून मूळ बघा. बहुतेकदा सोटमूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं झालेलं दिसेल. ते मुरमात खाली शिरतच नाही. वरच्या फूटभर मातीतली ओल संपली की झाड संपलं. लावताना पिशवीचा तळ बोटभर ब्लेडनं कापून टाका, वेटोळं त्याच्यासोबत जातं.

बाभूळ, खैर, हिवर यांची तर मी रोपंच करू नका म्हणेन, जागेवर बी टोका. बाभळीचं बी टणक असतं. उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवून त्यात टाका, रात्रभर राहू द्या. शेळ्यांच्या वाड्यातलं बी मिळालं तर उत्तम, पोटातून गेल्यानं ते लवकर रुजतं. एका जागी ३-४ बिया पुरेत.

दुसरी चूक वेळेची. माण, खटाव, आटपाडी, जत इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, परतीचा. मृगाच्या पहिल्या सरीवर लावलं आणि तीन आठवडे उघडीप पडली की रोप करपतं, आणि हल्ली उघडीप लांबतेच. ४५ सेंमीचे खड्डे मे महिन्यातच काढा. लावणी मात्र कुदळीनं उकरून वीतभर ओल दिसल्यावरच. बुडाशी चपटे दगड रचले तर ओल टिकते.

पण खड्ड्यांआधी डोंगर नीट फिरून बघा. गवतात पळस-बोरीचे गुडघाभर झुबके दिसतील: शेंडे खाल्लेले, बुडखा मनगटाएवढा. त्यांची मुळं कधीच खोल गेलेली आहेत. दोन जोमदार धुमारे ठेवा, बाकीचे छाटा, चराई थांबवा. हे नव्या रोपापेक्षा कितीतरी झपाट्यानं वाढतात. चराईबंदी नुसती लादली तर मोडते, म्हणून गवत कापून न्यायची मोकळीक द्या. वणव्याचं जळणही तेवढंच कमी होतं. गवत वाळलं की डिसेंबरातच ३ मीटरची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढा. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरचं रान अशाच उजाड डोंगरावर उभं राहिलंय, धो. म. मोहित्यांच्या पुढाकारानं, १९८५ साली ते अभयारण्य झालं.

सपाट माळावर मात्र खड्डे घेऊ नका. कुसळी-पवन्याचं गवत म्हणजे पडीक रान नव्हे. लांडगे, धाविक पक्षी आणि धनगरांची मेंढरं त्याच्यावर जगतात, आणि झाडांची सावली दाटली की ते गवत मरतं.